सगळ्यांनी मिळून, किनाऱ्यानं, सायकलवर

मुंबईहून किनाऱ्यानं गोव्यापर्यंत सायकलनं जायचं असं मित्रमंडळींत ठरलं, की पहिला प्रश्न हमखास येतो: रोज किती किलोमीटर? कुणीतरी मोबाइलवर नकाशा उघडतं, मांडव्यापासून तेरेखोलपर्यंतचं अंतर काढतं, पाचशे-साडेपाचशेच्या घरातला आकडा येतो, त्याला शंभरानं भागलं जातं आणि पाच-सहा दिवसांच्या रजा टाकून सगळे मोकळे होतात. बेत तिथेच फसायला लागतो. सपाटीवर दिवसाला शंभर किलोमीटर सहज करणारी माणसं दापोली तालुक्यात साठाव्या किलोमीटरला टेकीला येतात, आणि ती काही कमी दमाची नसतात. कोकण किनाऱ्यावरचा दिवस ठरतो तो चढांवर, खाड्यांवर आणि बरोबरच्यांतल्या सर्वांत सावकाश चालवणाऱ्यावर. या तिन्हींचा हिशेब घरी बसून जितका नीट मांडाल, तितकी वाट सुखाची होते.

आधी वाट. राष्ट्रीय महामार्ग 66 नकाशावर सरळ दिसतो. तो पनवेल, महाड, चिपळूण, कणकवली असा सह्याद्रीच्या पायथ्याच्या बाजूनं जातो. ट्रक, खासगी बस आणि सुट्टीच्या दिवसांत चाकरमान्यांच्या गाड्या यांच्या सोबतीनं तिथे सायकल हाणायची आणि समुद्र मात्र दिसायचा नाही, यात मला काही राम वाटत नाही. किनाऱ्याची वाट वेगळी. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले, दाभोळ, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, पावस, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, रेडी अशी गावं माळेसारखी लागतात. मुंबईकरांना सुरुवातही सोपी झाली आहे. मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. सायकली बोटीत चढवायच्या आणि मांडव्याला उतरून पॅडल मारायला सुरुवात करायची. पनवेल-वडखळची कोंडी पूर्ण टळते.

आता चढांकडे येऊ, कारण सगळं गणित तिथेच अडतं. किनारा म्हटला की सपाट रस्ता डोळ्यांपुढे येतो. कोकणात सपाट असतं ते गाव. देऊळ, बाजार, माडांच्या वाड्या आणि पुळण सगळं खाली समुद्राच्या पातळीवर. एका गावातून दुसऱ्या गावात जाणारा रस्ता मात्र मधल्या सड्यावरून जातो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. कुठे शंभर, कुठे दीडशे, कुठे त्याहून अधिक मीटर उंच. सह्याद्रीतून पश्चिमेला धावणाऱ्या नद्यांनी हे पठार जागोजाग चिरलं आहे, आणि नद्यांच्या मुखांत समुद्र आत शिरून खाड्या झाल्या आहेत. त्यामुळे रस्ता गावातून निघतो, सड्यावर चढतो, चार-पाच किलोमीटर वर चालतो, पुन्हा खाली गावात किंवा जेट्टीवर उतरतो आणि लगेच पुन्हा चढायला लागतो. एखादाच मोठा घाट असता तर परवडलं असतं. माणूस मनाची तयारी करून तो चढतो आणि सुटतो. इथे दिवसभर लहान घाटांची रांग असते, आणि प्रत्येक चढ गाव सुटताक्षणी, पाय गरम व्हायच्या आत समोर उभा राहतो.

या चढाची किंमत मोजता येते. सायकलस्वार, सायकल आणि सामान मिळून 90 किलो धरा. हे वजन 100 मीटर उंच न्यायला 90 × 9.8 × 100, म्हणजे सुमारे 88 हजार ज्यूल लागतात. तेवढंच वजन सपाट डांबरी रस्त्यावर ताशी 18 किलोमीटर वेगानं नेताना हवेचा आणि टायरचा विरोध मिळून एका किलोमीटरला ढोबळमानानं 13 ते 15 हजार ज्यूल खर्च होतात. म्हणजे 100 मीटरचा एक चढ पायांना सपाटीवरच्या सहा किलोमीटरइतका पडतो. उतारावर त्यातलं थोडं परत मिळायला हवं, पण कोकणातले उतार अरुंद आणि वळणांचे असल्यानं बरीचशी कमाई ब्रेकमध्ये जिरते. वेळेचा अंदाज घ्यायला मी एक साधा ठोकताळा वापरतो: सामानासह नेहमीचा हौशी सायकलस्वार तासाला 400 मीटरच्या आसपास उंची गाठतो. दिवसात 1000 मीटर चढ असेल तर अडीच तास नुसते चढण्यात गेले, असं आधीच धरून चालायचं.

गुहागर ते गणपतीपुळे हा टप्पा घ्या. अंतर साठेक किलोमीटर. कागदावर अर्ध्या दिवसाचं काम. गुहागरहून असगोली, पालशेत करत वेळणेश्वर, तिथून हेदवी. हेदवीला दशभुज गणेशाचं देऊळ आणि खाली किनाऱ्यावर बामणघळ. ती पाहायची तर भरतीची वेळ गाठावी लागते, कारण कातळातल्या अरुंद चिरेत लाट घुसून वर फुटते ती भरतीलाच. मग रोहिल्यावरून तवसाळ, तवसाळच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहणं, शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगड, धक्क्यावरून सरळ अंगावर येणारा चढ, पुढे मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आणि मग गणपतीपुळे. या वाटेवर शंभर-सव्वाशे मीटरचे सहा-सात चढ धरले, तर त्यांचेच दोन तास होतात. उरलेल्या अंतराचे तीन. बोटीचा पाऊण तास. न्याहारी, जेवण, देऊळ, घळ, कुणाचं तरी पंक्चर. सकाळी साडेसहाला निघालेली मंडळी संध्याकाळी पाचला गणपतीपुळ्यात टेकली, तर दिवस उत्तम गेला म्हणायचं. असा एकेक दिवस उलगडून मांडला की पूर्ण किनारा आठ ते दहा दिवसांचा निघतो. रजा तितकीच नसेल तर वाट अर्धी करावी, घाई दुप्पट करू नये. मांडवा ते गुहागर किंवा रत्नागिरी ते वेंगुर्ले ही सफरसुद्धा भरगच्च होते.

खाड्या हा या वाटेचा दुसरा स्वभाव. रेवदंड्याला कुंडलिकेवर पूल आहे, पण पुढे आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड ही चार पाणी फेरीबोटीनं ओलांडायची. बोटीत सायकलीला अडचण येत नाही, पलीकडे जायला काही मिनिटं लागतात. पण शेवटची बोट चुकली तर काय होतं ते दाभोळला समजतं. वाशिष्ठीची खाडी चिपळूणपर्यंत आत गेलेली आहे. धोपावे समोर दिसत असतं आणि रस्त्यानं तिथे पोचायचं तर शंभरएक किलोमीटरचा वळसा. म्हणून प्रत्येक बोटीच्या वेळा निघण्याच्या आदल्या आठवड्यात फोन करून विचाराव्यात, पावसाळ्यानंतर पुन्हा विचाराव्यात, आणि दिवसाची आखणी शेवटच्या बोटीच्या आधीच्या बोटीवर करावी. हाताशी एक बोट राहिली की पंक्चरची भीती वाटत नाही. आणखी एक जपायचं: ओहोटीला धक्क्याचा उतार उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असतं. तिथे सायकलवरून उतरून, ती हातात धरून चालावं. दिवसभर घाट उतरून आलेली माणसं नेमकी इथे आपटतात.

या खाड्यांवर पूल बांधून रेवसपासून रेडीपर्यंत सलग सागरी महामार्ग करायचा, हे बॅरिस्टर ए. आर. अंतुले 1980 ते 1982 या काळात मुख्यमंत्री असल्यापासून बोललं जात आहे. आता मोठे पूल हाती घेतले गेले आहेत. ते झाले की स्थानिकांचे हाल संपतील, आणि ते संपायलाच हवेत. सायकलस्वाराला मात्र बोटीचा धक्का ही सक्तीची विश्रांती आहे. मागे पडलेले गाठतात, पाणी भरलं जातं, कोळणींच्या पाट्यांशेजारी बसून पुढच्या गावाची खबर मिळते. ज्यांना हा किनारा खाडी-खाडीनं पाहायचा आहे त्यांनी फार वर्षं थांबू नये.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवावी, असं मी आग्रहानं सांगेन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे कोकणात सायकल चालवायचे महिने. या काळात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे, बेताचा वाहतो. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून वारा उठतो आणि या किनाऱ्यावर तो बहुधा वायव्येकडून येतो. गोव्याकडे जाणाऱ्याला तो पाठीवर मिळतो, मुंबईकडे येणाऱ्याला छातीवर. दमलेल्या दुपारी हा फरक फार मोठा ठरतो. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. अकरा तासांचा उजेड, त्यातले अकरा ते तीन उन्हाचे. पहिला मोठा चढ आठच्या आत काढणाऱ्याचा दिवस चांगला जातो.

आता माणसं. माझ्या मते हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे आणि सगळ्यांत कमी बोलला जातो. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईच्या एका वेटलिफ्टिंग क्लबातले सहा पारशी तरुण सायकलनं जग फिरायला निघाले: आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तुम भूमगारा, केकी पोचखानवाला, गुस्ताद हाथीराम आणि नरीमन कापडिया. इराणचे डोंगर, सिरियाचं वाळवंट, आल्प्स, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश करून मार्च 1928 मध्ये ते परत आले तेव्हा सुमारे 71 हजार किलोमीटर झाले होते आणि सहातले तिघं उरले होते. कापडिया तेहरानहून मागे फिरले. हाथीराम अमेरिकेला पोचल्यावर तिथेच राहिले. पोचखानवालाही अमेरिकेपर्यंत जाऊन परतले. पोलादी अंगाची, एकाच तालमीत घामटं गाळलेली माणसं, आणि तरी निम्मी वाट बदलून गेली. या हकिगतीत मला लक्षणीय वाटतं ते हे, की उरलेल्या तिघांची सफर थांबली नाही. कुणी गळालं तर काय करायचं याचं उत्तर गटाकडे असावं लागतं, मग सफर साडेचार वर्षांची असो की आठ दिवसांची.

म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी एकदा सगळ्यांनी समोरासमोर बसावं. मोबाइलवरच्या ग्रुपवर हे होत नाही, तिथे सगळेच अंगठा दाखवून मोकळे होतात. कोणाला पहाटे उठवत नाही, कोणाला प्रत्येक किनाऱ्यावर पाण्यात उतरायचं आहे, कोण शाकाहारी, कोणाला संध्याकाळी प्यायची असते आणि कोणाला ते चालत नाही, कोण घोरतं, कोणाचा गुडघा दुखतो, कोणाला रक्तदाबाची गोळी आहे. हे सगळं मोकळेपणी बोलून घ्यायचं. पैशांचं तर नक्की. सारखी वर्गणी काढून एकाच्या हाती द्यावी, खोली, जेवण, बोट, चहा त्यातून, आणि वैयक्तिक खरेदी ज्याची त्यानं. तोच माणूस रोज रात्री हिशेब वाचून दाखवेल असं ठरवावं. चौघं ते आठ ही संख्या बरी. त्याहून जास्त झाले की न्याहारीलाच दीड तास जातो आणि छोट्या गावात एका घरी सगळ्यांची सोय होत नाही.

रस्त्यावरचा नियम एकच पुरे: फाट्यावर थांबायचं. पुढे असलेला कितीही जोरात असो, रस्ता जिथे फुटतो तिथे त्यानं शेवटचा माणूस दिसेपर्यंत उभं राहायचं. आणि शेवटी राहायचं काम सगळ्यांत तगड्यानं करायचं. पंप, पंक्चरचं सामान आणि औषधांची पिशवी त्याच्याकडे. बरेच गट उलटं करतात. दणकट माणूस पुढे निघून जातो, सावकाश चालवणारा मागे एकटा पडतो, तो फाट्यावर धापा टाकत पोचतो तेव्हा बाकीच्यांची विश्रांती संपलेली असते आणि त्याला बसायलाही मिळत नाही. असं दोन दिवस झालं की तो तिसऱ्या दिवशी घरी जायच्या गोष्टी करतो. विश्रांतीची दहा मिनिटं शेवटचा माणूस सायकलवरून उतरल्यापासून मोजायची, एवढं पाळलं तरी गट टिकतो.

सावकाश माणसाला खरी मदतही करता येते. पुढच्या सायकलच्या मागे हात-दीड हात अंतर ठेवून चालवलं की हवेचा विरोध बराच कमी होतो. समोरून वारा असेल तेव्हा तगड्यांनी आळीपाळीनं पुढे राहून त्याला आडोसा द्यावा. चढावर याचा काही उपयोग नाही, कारण तिथे हवेपेक्षा वजन नडतं. तिथे उपाय एकच: त्याच्या कॅरिअरवरचं सामान दुसऱ्यानं घेणं. उतारावर मात्र हे सगळं मोडून सुटं सुटं व्हायचं. अंतर भरपूर ठेवायचं, ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा आणि वळणात सोडायचा. जांभ्याची लाल बारीक खडी वळणाच्या बाहेरच्या कडेला साचलेली असते आणि तिच्यावर पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटतं. एसटी पूर्ण रस्ता घेऊन वळते, हेही ध्यानात ठेवावं. तिचा हॉर्न ऐकला की कडेला थांबावं.

ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करणारे मित्र गटात असतील तर त्यांच्याशी थोडं आधी बोलावं. ब्रेव्हेत 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40 अशी मुदत असते आणि ज्याचं त्यानं वेळेत पोचायचं असतं. त्या सरावाची माणसं घड्याळ पाहत राहतात. सफरीत घड्याळ फक्त बोटीसाठी.

सरावाबद्दल लोक फार वाचतात आणि नेमकं महत्त्वाचं सोडून देतात. एका रविवारी शंभर किलोमीटर मारून आलो म्हणजे तयारी झाली, हे खरं नाही. एक दिवस कोणीही रेटतं. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते, जेव्हा मांड्या भरलेल्या असतात, बूड दुखतं आणि पुन्हा त्याच सीटवर बसायचं असतं. म्हणून शनिवार-रविवार सलग, दोन्ही दिवस साठ-सत्तर किलोमीटर, निम्मं सामान लादून आणि वाटेत घाट घेऊन चालवून पाहावं. पुणेकरांना दिवे घाट आणि कात्रज हाताशी आहेत, ठाणे-मुंबईकरांना येऊरचा चढ. अशा दोन-तीन जोडफेऱ्या सगळ्यांनी एकत्र कराव्यात. पायांच्या तयारीइतकीच त्यात माणसांची ओळख होते. कोण भूक लागली की चिडतं, कोण पाणी पीत नाही, कोणाची सायकल चढावर कुरकुरते, हे घराजवळ कळलेलं बरं. याच फेऱ्यांत सीटची उंचीही जुळवून घ्यावी. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवायची आणि पॅडल खाली नेऊन पाय सरळ करायचा. गुडघा जेमतेम सरळ झाला म्हणजे उंची बरोबर. मग पायाचा चवडा पॅडलवर येतो तेव्हा गुडघ्यात हवी तेवढी वाक राहते. सीट खाली राहिली तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, फार वर गेली तर मागच्या.

सायकल कोणती, यावर वाद घालण्यापेक्षा तिचा सर्वांत हलका गिअर मोजावा. पुढच्या चकतीला 34 दात आणि मागच्या मोठ्या चकतीला 28 असले, तर मिनिटाला साठ वेळा पाय फिरवताना वेग ताशी नऊ किलोमीटर येतो. दहा टक्क्यांच्या चढावर 90 किलो वजन त्या वेगानं न्यायला सुमारे 220 वॉट ताकद लागते. हौशी माणूस तेवढी ताकद थोडा वेळच लावू शकतो. पुढे 22 आणि मागे 32 दात असले, तर तितक्याच पायांत वेग पाचावर येतो आणि ताकद सव्वाशे-दीडशे वॉटवर. तीन चकत्यांची जुनी हायब्रीड किंवा एमटीबी म्हणूनच या वाटेवर चकचकीत रोड बाइकपेक्षा कामाची. टायर 32 ते 40 मिलिमीटर रुंद असावेत, आणि हवा टायरच्या कडेवर लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरू नये. थोडी कमी हवा खडबडीत रस्त्यावर हात आणि बूड वाचवते.

सुट्या भागांत दोन बारीक वस्तू विसरू नयेत. एक हँगर. मागचे गिअर बदलणारी यंत्रणा चौकटीला ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या पट्टीनं जोडलेली असते, ती ही. ती मुद्दाम मऊ ठेवलेली असते, म्हणजे सायकल पडली तर ती वाकते आणि चौकट वाचते. प्रत्येक मॉडेलची पट्टी वेगळी असते, मित्राची चालत नाही आणि कोकणातल्या गावात मिळत नाही. सायकल धक्क्यावर नुसती उभी असताना कलंडली, तरी हँगर वाकून सफर संपू शकते. बदली हँगर असला तर वीस मिनिटांचं काम. दुसरी वस्तू व्हॉल्व्हची. काही सायकलींना बारीक, वर छोटा स्क्रू असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. गावातल्या पंक्चरवाल्याच्या पंपाचं तोंड त्यावर बसत नाही. पितळी ॲडाप्टर आधीच लावून ठेवला की प्रश्न मिटतो. बाकी प्रत्येकाकडे दोन ट्यूब, गटात मिळून एक चेन तोडायचं हत्यार, क्विक लिंक, ब्रेक शू, गिअरची केबल, ॲलन की आणि चिकटपट्टी. पंक्चर काढणं प्रत्येकाला यायलाच हवं. घरी एकदा मागचं चाक काढून, ट्यूब बदलून, पुन्हा चाक बसवून दाखवल्याशिवाय कोणालाही घेऊ नये.

सामान कॅरिअरवर, दोन्ही बाजूंना सारखं, खाली. पाठीवर सॅक घेऊ नये, त्यानं पाठ भिजते आणि सगळं वजन बुडावर येतं. सायकलची पॅड असलेली चड्डी आतून दुसरं काही न घालता वापरायची असते, आणि रोज धुवायची. दोन पुरतात. दमट हवेत ती रात्रीत वाळत नाही, तेव्हा सकाळी कॅरिअरला बांधून न्यायची.

खाण्याच्या बाबतीत ही वाट उदार आहे. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका केळ्यातून विसेक ग्रॅम मिळतात. केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, गूळ-शेंगदाणे हे सगळं टपरीवर मिळतं. भूक लागायच्या आधी खायचं, एवढंच पथ्य. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, आणि दुपारी त्यातल्या एका बाटलीत ओआरएस. पुडी घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची, एक लिटरची घ्यावी. त्यात 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं. दमट हवेत घामावाटे मीठ फार जातं आणि नुसतं पाणी ढोसत राहिलं की डोकं दुखायला लागतं, मळमळतं. कोकम सरबतात चांगलं मीठ घालून घेतलं तरी चालतं.

मुक्काम घरगुती ठिकाणी करावा. हॉटेलपेक्षा स्वस्त पडतो, सायकली पडवीत सुरक्षित राहतात आणि सकाळी घावणे किंवा आंबोळ्या मिळतात. फक्त तिथली रीत पाळावी लागते. जेवण मागणीप्रमाणे रांधलं जातं. दुपारी बाराच्या आत फोन येतो: "किती पानं वाढायची? मासे खाणारे किती? बांगडा चालेल ना, आज सुरमई मिळाली नाही." आकडा सांगितला की तो पाळायचा, आणि उशीर होणार असला तर रांधणाऱ्या काकूंना कळवायचं. सात जणांचं जेवण करून ठेवलेलं असताना पुढच्या गावी निघून जाणारे गट मागून येणाऱ्या सगळ्या सायकलवाल्यांचं नाव खराब करतात.

रोजच्या टप्प्याला एक सुटकेची वाट जोडून ठेवावी. श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले इथे एसटीची आगारं आहेत. आतल्या बाजूला माणगाव, खेड, चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडी ही रेल्वे स्थानकं. कोणाचा गुडघा गेला, ताप आला, घरून निरोप आला, तर त्या दिवशी कुठून परतायचं हे वहीत लिहिलेलं असलं की निर्णय शांतपणे होतो. एक दिवस टेम्पोत बसून पुढच्या मुक्कामी येण्याला सगळ्यांनी आधीच मान्यता द्यावी. मान राखून मागे हटता आलं तर माणूस दुखणं लपवत नाही.

शेवटचा टप्पा वेंगुर्ल्याहून शिरोडा, रेडी. शिरोड्यात 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला आणि वि. स. खांडेकर इथल्या शाळेत शिक्षक होते. रेडीहून तेरेखोलच्या किल्ल्याशी पोचलं की गोवा लागला. किल्ला गोव्यात, पण नदीच्या अलीकडे. फेरीबोटीनं केरीला उतरलं की पुढे हरमलचा किनारा.

परतीची सोय निघण्याआधीच करून ठेवावी. थिवी किंवा सावंतवाडीहून रेल्वेनं येताना सायकल लगेज म्हणून नोंदवून मालडब्यात चढवावी लागते. लहान स्थानकावर गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, तेव्हा आदल्या दिवशी पार्सल कचेरीत जाऊन कोणत्या गाडीत चढवून देतील ते विचारावं आणि कागद पुरे करावेत. खासगी बसच्या डिकीत न्यायची असेल तर पुढचं चाक काढून चौकटीला बांधावं, हँडल वळवून घ्यावं आणि गिअरची बाजू वर ठेवून तिच्यावर चादर गुंडाळावी. बुकिंग करतानाच सायकलींची संख्या सांगावी, रात्री बसपाशी उभं राहून घासाघीस करू नये. वर्गणीचा हिशेब प्रवासातच मिटवावा, प्रत्येकाला किती परत ते सांगून. आणि घरी पोचल्यावर, झोपायच्या आधी नाही तरी दुसऱ्या दिवशी नक्की, सायकल गोड्या पाण्यानं धुवावी. आठ दिवसांची खारी हवा चेनच्या कड्यांत आणि स्पोकच्या मुळाशी बसलेली असते. कोरडी करून चेनला तेल घातलं, केबलींवर थेंब सोडला आणि सीटपोस्ट बाहेर काढून पुसला, की पुढच्या सफरीत काही अडत नाही.